मौलानांची पहाट

रमजान सुरू झाला की मोहल्ल्यांचं घड्याळ बदलतं. रात्री तीन-साडेतीनला स्वयंपाकघरातले दिवे लागतात, तवा चढतो, सहरीसाठी मुलांना हाका मारून उठवलं जातं. महिनाभर हे चालतं आणि ईद झाली की बहुतेक घरं पुन्हा आपल्या जुन्या वेळेवर येतात. मौलाना अबुल कलाम आझाद यांचं घड्याळ मात्र बाराही महिने सहरीच्या वेळेला लावलेलं होतं. पहाटे तीन-चारला उठायचं, स्वतःच्या हाताने चहा करायचा आणि लिहायला बसायचं. घर जागं होण्याआधी, दारात माणसांचा राबता सुरू होण्याआधी जेवढी सवड हाती लागेल तेवढी.

देशाचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून मौलाना सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्या जन्मदिवशी, ११ नोव्हेंबरला, शाळांमध्ये शिक्षण दिन साजरा होतो. पण हा माणूस मुळात लेखणीचा होता, आणि लिहायला निवांत वेळ त्याला आयुष्यभर पुरला नाही. जो मिळाला त्यातला पुष्कळसा सरकारने दिला, म्हणजे कुलूप लावून दिला.

मौलानांचा जन्म १८८८ सालचा, मक्केतला. वडील मौलाना खैरुद्दीन मोठे पीर होते, कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत त्यांचे मुरीद, म्हणजे शिष्य, पसरलेले. कुटुंब कलकत्त्यात येऊन राहिलं. इंग्रजी शाळेवर वडिलांचा विश्वास नव्हता, त्यामुळे मुलांचं शिक्षण घरीच झालं. शिस्त कडक. रात्री लवकर झोपायचं, पहाटे लवकर उठायचं. पहाटेची ही सवय मौलानांनी वडिलांकडूनच उचलली, आजारपणातही ते रात्रीच्या शेवटच्या प्रहरी उठून बसत. धाकट्या मुलाला मात्र वडिलांनी ठरवून दिलेला अभ्यास पुरत नसे. खाऊच्या पैशांतून मेणबत्त्या आणायच्या आणि सगळे झोपल्यावर वाचत बसायचं, हा त्याचा लहानपणीचा उद्योग. फिरायला म्हणून कलकत्त्याच्या लालदिघीच्या बागेत नेलं तरी हा झुडपांच्या आडोशाला पुस्तक उघडून बसे आणि सोबतचा माणूस बिचारा बाहेर येरझाऱ्या घालत राही.

वडील १९०८ मध्ये गेले. मुरीदांची इच्छा होती की मुलाने गादी चालवावी. गादी म्हणजे आयुष्यभराची सोय आणि मान. पण माणसं येऊन हाता-पायांचं चुंबन घेतात, हे मौलानांना लहानपणापासून खटकत असे. त्यांनी ते नाकारलं. माणसांचा गराडा त्यांनी असा एका बाजूने सोडला खरा. चार वर्षांत तो दुसऱ्या बाजूने, कितीतरी मोठा होऊन, त्यांच्याभोवती पडला.

१३ जुलै १९१२ रोजी कलकत्त्यात त्यांनी ‘अल-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक सुरू केलं. वय अवघं तेवीस. दोन वर्षांत खप आठवड्याला सव्वीस हजारांवर गेला. त्या काळच्या उर्दू वाचकांना हा आकडा स्वप्नातला वाटावा. सरकारने आधी दोन हजारांचा जामीन मागितला, मग दहा हजारांचा, आणि अखेर वृत्तपत्र बंद पाडलं. मौलानांनी ‘अल-बलाग’ काढलं. १९१६ मध्ये बंगाल सरकारने त्यांना प्रांताबाहेर घालवलं. ते रांचीला गेले आणि तिथेच नजरकैदेत पडले, १९१९ साल संपेपर्यंत.

लेखकाला याहून चांगलं काय हवं, असं वरवर वाटेल. राजकारण नाही, सभा नाहीत. पण रांचीत ते शुक्रवारी जामा मशिदीत खुतबा, म्हणजे प्रवचन, देऊ लागले. मुलांच्या शिक्षणाची सोय नाही हे दिसल्यावर १९१७ मध्ये तिथे मदरसा उभा केला. माणसांना टाळून बसणं त्यांना आवडायचं आणि जमायचं नाही. त्यातूनही ‘तज़किरा’ हे आत्मचरित्र आणि पूर्वजांचा इतिहास यांचं मिश्रण असलेलं पुस्तक तिथे लिहून झालं.

खरं काम वेगळं होतं. कुरआनचा उर्दू अनुवाद आणि त्यावरचं भाष्य, म्हणजे तफसीर, हे त्यांनी आपल्या आयुष्याचं काम मानलं होतं. त्याची कहाणी वाचताना आजही जीव हळहळतो. रांचीच्या काळात पोलिसांनी झडती घेऊन हस्तलिखित नेलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. १९२० च्या आरंभी सुटका झाली आणि लगेच खिलाफत आणि असहकार. छपाईची तयारी चालू असताना डिसेंबर १९२१ मध्ये पुन्हा अटक झाली आणि पुन्हा कागद गेले. सुटून आल्यावर ते कागद परत मिळाले, पण विस्कटलेले, फाटलेले, कुठलं पान कुठलं ते कळू नये असे. लिहिलेलं हरवल्यावर तेच पुन्हा लिहिणं किती जिवावर येतं हे ज्याने कधी वहीभर काही लिहिलं आहे त्याला सांगायला नको. मौलानांचीही उमेद गेली. काही वर्षं त्यांनी त्या कामाला हातच लावला नाही. १९२७ च्या अखेरीस पुन्हा बसले आणि २० जुलै १९३० रोजी पहिला टप्पा पूर्ण झाला. कुठे, तर मेरठच्या तुरुंगात. ‘तर्जुमान-उल-कुरआन’चा पहिला खंड १९३१ मध्ये निघाला, दुसरा १९३६ मध्ये. पहिल्या खंडाचा मोठा भाग सूरह फातिहाच्या, म्हणजे कुरआनच्या सुरुवातीच्या सात आयतींच्या, विवरणाला दिलेला आहे. सगळ्या सृष्टीचं पालनपोषण करणारा एकच आहे आणि धर्मांचा गाभाही एकच आहे, हे त्यात त्यांनी सविस्तर मांडलं. तिसऱ्या खंडाची वाट वाचक पाहत राहिले.

या सगळ्या वर्षांत कलकत्त्याच्या घरात झुलेखा बेगम होत्या. मौलानांच्या चरित्रांत त्यांना अर्धा-एक परिच्छेद मिळतो, तोही बहुतेकदा शेवटच्या आजाराचा. त्यांची एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. फेब्रुवारी १९२२ मध्ये मौलानांना एक वर्षाची सक्तमजुरीची शिक्षा झाली. त्या दिवशी झुलेखा बेगमनी गांधीजींना तार केली. शिक्षा आमच्या तयारीच्या मानाने फारच कमी आहे असं तिच्यात त्यांनी कळवलं होतं. पतीच्या गैरहजेरीत बंगालच्या खिलाफत समितीचं काम मी पाहीन, हेही त्यांनी कळवलं होतं. पडद्यात वाढलेल्या बाईंची ही तार. नवऱ्याच्या लेखनाला घरातली शांतता पुरवणारी गृहिणी, एवढ्यावर त्यांची ओळख संपवणं हा अन्याय आहे.

पुढची वर्षं काँग्रेसची. १९२३ मध्ये पस्तिसाव्या वर्षी मौलाना दिल्लीच्या विशेष अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, १९४० मध्ये रामगडला पुन्हा अध्यक्ष झाले आणि युद्धाची सगळी वर्षं ती जबाबदारी त्यांच्याकडेच राहिली. घर कलकत्त्याला, बैठका वर्ध्याला, दिल्लीला, अलाहाबादला, मुंबईला. मधूनमधून तुरुंग. १९४१ मध्ये ते नैनीच्या तुरुंगात असताना झुलेखा बेगम आजारी पडल्या. नवऱ्याच्या मनाला घोर नको म्हणून त्यांनी ते पत्रातून कळू दिलं नाही. डॉक्टरांनी हवापालट सांगितली तेव्हा त्या रांचीला जाऊन राहिल्या आणि जुलै १९४२ मध्ये परतल्या तेव्हा चेहरा जरा टवटवीत दिसत होता. मौलाना त्याच सुमारास घरी आले होते, तेही दोन-चार दिवसांसाठी. ३ ऑगस्टला त्यांना मुंबईला निघायचं होतं, ‘छोडो भारत’च्या ठरावासाठी. झुलेखा बेगम नेहमीप्रमाणे दारापर्यंत आल्या आणि त्यांनी खुदा हाफिज म्हटलं. एवढंच. मौलानांना नंतर वाटत राहिलं की तिला बरंच काही बोलायचं होतं आणि तिने ते आवरलं.

मुंबईत ते भुलाभाई देसाईंच्या घरी उतरले होते. ८ ऑगस्टच्या रात्री अधिवेशन उशिरा संपलं. दमून आले, अंगात कणकण होती, तरी पहाटे चारला उठलेच. डोकं जड होतं म्हणून ॲस्पिरिन घेतली, चहा घेतला आणि कामाला बसले. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना ठरावासोबत पाठवायच्या पत्राचा मसुदा करायचा होता. तो अर्धवट राहिला, झोप अनावर झाली म्हणून आडवे झाले. पंधरा मिनिटांत कुणीतरी पायाला हात लावून जागं केलं. भुलाभाईंचे चिरंजीव धीरूभाई हातात कागद घेऊन उभे होते. अटकेचं वॉरंट होतं.

गांधीजींना पुण्याला नेलं, आणि काँग्रेसच्या कार्यकारिणीला अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला. ज्या किल्ल्याच्या तटावर चांदबिबी मोगलांशी लढली त्याच निजामशाही किल्ल्यात. मौलाना, नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, सय्यद महमूद, आपले शंकरराव देव, असे एकूण बारा जण एका अंगणाभोवतीच्या खोल्यांत राहिले. सुरुवातीला ना वृत्तपत्र, ना पत्र. बाहेर देश पेटला होता आणि आत फुलझाडांचे वाफे तयार होत होते, कारण या मंडळींनी बी मागवून अंगणात बाग करायला घेतली.

आत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १० ऑगस्टला, मौलानांनी लिहायला सुरुवात केली. जुने स्नेही नवाब हबीबुर रहमान खान शेरवानी यांना लिहिलेली ही पत्रं. ती टपालात पडणार नव्हती, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. सुटकेनंतर, १९४६ मध्ये, ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती पुस्तकरूपाने आली आणि उर्दू गद्यात त्यांना मानाचं पान मिळालं. एका अर्थाने हे पुस्तक नगरचं आहे. मराठी वाचकांना ते अजून हवं तितकं परिचयाचं नाही, याचं वाईट वाटतं. नेहरूंचं ‘भारत एक शोध’ याच अंगणात १९४४ मध्ये लिहिलं गेलं हे शाळेतली मुलंही सांगतात. शेजारच्या खोलीतलं हे पुस्तक मागेच राहिलं.

पत्रांत देशाच्या राजकारणाचा उल्लेख क्वचित. आहे ती पहाट, आणि चहा. जाईच्या सुवासाचा चिनी चहा, बिनदुधाचा, स्वतः बनवलेला, घोटाघोटाने घेतलेला. दूध घालून उकळलेल्या आपल्या चहाला ते पातळ हलव्यात काढतात, तेव्हा दुधाच्या चहावर वाढलेल्या वाचकाने रागावू नये. मग चिमण्या येतात. जुन्या छताच्या तुळयांमध्ये चिमण्यांनी घरटी मांडली होती आणि कागदांवर दिवसभर काडीकचरा पडे. मौलानांनी आधी युद्ध पुकारलं, बांबू घेतला, छत्रीसुद्धा वापरली. चिमण्या हटेनात. शेवटी हार मानून त्यांनी तांदळाचे दाणे टाकायला सुरुवात केली, आणि काही दिवसांत पाखरं इतकी धीट झाली की हातावर येऊन बसू लागली. एकाचं नाव कलंदर ठेवलं, एकाचं मुल्ला, एकाचं सूफी, आणि एका चिमणीचं मोती. पन्नाशी ओलांडलेला काँग्रेसचा अध्यक्ष आणि त्याच्या मनगटावर मुल्ला नावाचा चिडा. ही पत्रं १९४३ च्या मार्चच्या मध्यावरची आहेत.

२३ मार्चला पत्नीच्या गंभीर आजाराची पहिली बातमी आत आली. तुरुंगाच्या सुपरिंटेंडेंटने सांगितलं की सरकारला काही कळवायचं असेल तर मी ताबडतोब पुढे पाठवीन. मौलानांनी नकार दिला. सरकारकडे काही मागायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं. जवाहरलालजी येऊन बराच वेळ बोलले, त्यांनाही तेच उत्तर मिळालं. मग वाट पाहणं सुरू झालं. दुपारी जेलर वर्तमानपत्रं घेऊन यायचा. त्याच्या पावलांचा आवाज ऐकू आला की छातीत धडधड व्हायची. मौलानांच्या सोफ्याची पाठ दाराकडे होती, त्यामुळे आत येणाऱ्याला चेहरा दिसत नसे. जेलर समोर आला की ते हसून टेबलाकडे बोट दाखवत, अंक तिथे ठेवायला सांगत आणि आपण लिहीत राहत. दिनक्रम एका मिनिटानेही बदलला नाही. जेवणाच्या घंटेला ते हजर असत. हे सगळं अवसान होतं, मनाची घालमेल लोकांना दिसू नये म्हणून केलेलं नाटक होतं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. असं लिहून ठेवणारी माणसं थोडी.

९ एप्रिलला दुपारी दोन वाजता सुपरिंटेंडेंटने मुंबई सरकारची तार हातात दिली. रेडिओवरून त्याला सकाळीच कळलं होतं, सांगायचा धीर झाला नव्हता. छत्तीस वर्षांचा संसार कलकत्त्यात संपला आणि संसारातला दुसरा माणूस नगरच्या किल्ल्यात होता. तीन महिन्यांनी भोपाळहून बहीण आबरू बेगम गेल्याची बातमी आली.

पत्नीच्या मृत्यूनंतर दोन दिवसांनी, ११ एप्रिलला, मौलानांनी त्या सगळ्याविषयी पत्र लिहिलं. किल्ल्याच्या अंगणात एक जुनी कबर होती, कुणाची ते कुणालाच माहीत नव्हतं. येता-जाता शेकडो वेळा नजरेखालून गेलेली. त्या दिवसापासून मौलानांना ती आपली वाटू लागली, संध्याकाळी बराच वेळ ते तिच्याकडे पाहत बसले. कलकत्त्याच्या कबरीपर्यंत जाता येत नाही, तर नगरची ही बेनाव कबर.

सुटकेची विनंती न करण्याच्या या निर्धाराचं कौतुक नेहमी होतं, आणि ते व्हायला हवं. बाहेर हजारो कार्यकर्ते तुरुंगात असताना अध्यक्षाने घरच्या कारणासाठी इंग्रजांकडे अर्ज करणं त्या काळात फार महाग पडलं असतं. तरी एक गोष्ट उरतेच. निर्धार मौलानांचा होता आणि एकटेपण झुलेखा बेगमच्या वाट्याला आलं. ३ ऑगस्टला दारात त्यांनी जे आवरलं ते काय होतं, हे लिहायला त्यांच्या हाती पहाटेचे तास नव्हते. मौलानांना हे कळलं नव्हतं असं मात्र म्हणता येत नाही. त्यांचं ते पत्र वाचताना दुःखाइतकाच एक हिशेब जाणवतो, आणि तो त्यांना स्वतःच्या बाजूने मांडता आलेला नाही.

एप्रिल १९४५ मध्ये त्यांना बंगालमधल्या बांकुडा इथे हलवलं आणि १५ जूनला सोडलं. कलकत्त्यात हावड्याला प्रचंड गर्दी, मोटार फुलांनी भरलेली. सत्काराला जाण्याआधी त्यांनी गाडी कबरस्तानाकडे घ्यायला सांगितली. मोटारीतल्या हारांपैकी एक उचलून त्यांनी झुलेखा बेगमच्या कबरीवर ठेवला आणि मनातल्या मनात फातिहा पढला. दहा दिवसांच्या आत सिमल्याची परिषद सुरू झाली होती. पुन्हा बैठका, पुन्हा प्रवास.

स्वातंत्र्यानंतर ते शिक्षणमंत्री झाले आणि अखेरपर्यंत राहिले. विद्यापीठ अनुदान आयोग, साहित्य अकादमी, संगीत नाटक अकादमी, ललित कला अकादमी, खरगपूरचं पहिलं आयआयटी, सगळं त्यांच्या कारकिर्दीतलं. संध्याकाळी मेजवान्या टाळून लवकर झोपायचं आणि पहाटे उठायचं, हे दिल्लीतही सुटलं नाही. लेखकांच्या अकादमीचा पाया घालणाऱ्या मंत्र्याच्या स्वतःच्या कुरआन-भाष्याचा तिसरा खंड मात्र छापखान्यात गेला नाही. हयातीत निघालेले दोन खंड तेविसाव्या सूरहपाशी थांबतात, आणि सूरह एकूण एकशे चौदा. नगरच्या किल्ल्यातल्या जवळजवळ तीन वर्षांतही ते काम तडीला गेलं नव्हतं. तिथे चिमण्यांवर आणि चहावर लिहून झालं याबद्दल काही जणांनी नाराजी दाखवली आहे. पण माणूस काय लिहील हे कधीकधी मोकळा वेळ ठरवत नाही.

शेवटच्या दोन वर्षांत हुमायून कबीर यांनी त्यांना आठवणी सांगायला राजी केलं. जवळपास रोज संध्याकाळी तास-दीड तास मौलाना उर्दूत बोलत आणि कबीर टिपणं घेऊन इंग्रजीत उतरवत. १९३५ नंतरच्या राजकारणाचा खंड तयार झाला. ‘इंडिया विन्स फ्रीडम’ या नावाने १९५९ मध्ये निघालेलं ते हेच पुस्तक. त्यातली तीस पानं मौलानांच्या इच्छेप्रमाणे मोहोरबंद ठेवली आणि १९८८ मध्ये खुली झाली, त्यावर खूप चर्चा झाली. त्या मानाने दुसरी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. मौलानांना त्याआधीचा एक खंड लिहायचा होता, बालपणाचा, कलकत्त्याच्या घराचा, तरुणपणाचा. त्यावर बोलणं सुरूही झालं होतं. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी ते गेले. दिल्लीच्या जामा मशिदीच्या आणि लाल किल्ल्याच्या मधल्या मैदानात त्यांची कबर आहे. घरच्या त्या खंडाचं एक छोटं प्रकरण तेवढं हाती लागलं, ते कबीरांनी पुस्तकाच्या सुरुवातीला जोडलं.